नाशिकची द्राक्षे, २०१०: माल अडला तेव्हा दाद मागण्याचा हक्क कोणाचा होता?

२०१० च्या हंगामात नाशिक जिल्ह्यातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अवशेष सापडले. बागायतदार या औषधाला सीसीसी म्हणतात. युरोपीय संघाची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. तिकडच्या तपासणीत आकडा वर गेला, कंटेनर अडकले, सुपरमार्केटनी माल घ्यायचे थांबवले आणि भाव कोसळला. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बागायतदारांनी माल तोडून दिला होता. त्यांचे पैसे निर्यातदाराकडून यायचे होते आणि निर्यातदाराचे आयातदाराकडून. साखळी वरच तुटल्याने खालपर्यंत काही आले नाही.

आंतरराष्ट्रीय कायदा म्हटले की युद्ध, सीमा आणि हेगचे न्यायालय डोळ्यापुढे येते. या प्रकरणात त्यातले काहीच नाही. तरीही जागतिक व्यापार संघटनेचे करार, अन्नमानकांची संयुक्त राष्ट्रीय व्यवस्था, युरोपीय संघाचा नियम, विक्रीविषयक आंतरराष्ट्रीय करार आणि लवादाचे न्यूयॉर्क संकेत या सगळ्यांची गाठ साधारण तेरा टन द्राक्षांच्या एका रीफर (शीत) कंटेनरपाशी पडते. प्रत्येक ठिकाणी दाद मागण्याचा हक्क वेगळ्या पक्षाचा आहे आणि नुकसान सोसणारा बागायतदार जवळजवळ प्रत्येक दाराबाहेर आहे. त्याला आत जाता येईल असे दार कोणते, हे इथे तपासायचे आहे.

काडीतला साठा

आधी औषधाचे बघू, कारण कायद्याचा घोळ तिथूनच सुरू होतो. नाशिकला द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी फळासाठी. सीसीसीचा वापर प्रामुख्याने खरड छाटणीनंतर होत असे. शेंड्याची वाढ रोखायची, पेरे आखूड करायचे आणि काडीतल्या डोळ्यांत घडनिर्मिती चांगली व्हावी हे बघायचे. झाडात जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक तयार होण्याची क्रिया हे औषध अडवते. भारतात ते द्राक्षावर नोंदणीकृत होते, म्हणजे फवारणारा कायदा मोडत नव्हता.

मे महिन्यात पानावर पडलेले औषध फेब्रुवारीच्या मण्यात कसे? सीसीसी झाडात सावकाश मोडते, रसाबरोबर फिरते, लाकडात साठते आणि पुढच्या फुटीबरोबर वर येते. त्यामुळे शेवटच्या फवारणीनंतर अमुक दिवस थांबा, हा काढणीपूर्व काळाचा नेहमीचा हिशेब इथे लागू पडत नाही.

प्रयोगशाळेत ते निसटले त्याचेही कारण रसायनातच आहे. नेहमीच्या बहुअवशेष चाचणीत द्राक्षाचा लगदा इथाइल ॲसिटेट किंवा ॲसिटोनायट्राइलमध्ये हलवतात. बहुतेक कीटकनाशके त्या द्रावकात ओढली जातात आणि यंत्रावर एकदमच मोजली जातात. सीसीसीचा रेणू विद्युतभारित आणि पाण्यात सहज विरघळणारा आहे, तो पाण्याच्या थरातच मागे राहतो. त्याच्यासाठी आम्ल घातलेल्या मिथेनॉलने वेगळे निष्कर्षण करून एलसी-एमएसएमएस या यंत्रावर वेगळी चाचणी लावावी लागते. बाकी सगळ्या औषधांसाठी तपासलेला नमुनाही सीसीसीबद्दल अवाक्षर बोलत नाही, जोवर कोणी ते नाव घेऊन विचारत नाही.

विचारायचे काय, हे अपेडाच्या (केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) अवशेष नियंत्रण आराखड्याची यादी ठरवते. २००३ मध्ये मिथोमिल या कीटकनाशकाच्या अवशेषांवरून नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांची अडचण झाली, त्यानंतर ही व्यवस्था उभी राहिली. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा आली, पुढे ग्रेपनेट या अपेडाच्या संगणक प्रणालीवर प्लॉटवार नोंदणी आली. व्यवस्था चांगली होती आणि आहे. पण २०१० च्या यादीत सीसीसी नव्हते. बाग नोंदलेली, नमुना रीतसर घेतलेला, अहवाल पास, ॲगमार्क हातात, फायटो दाखला हातात, आणि माल तिकडे नापास. (फायटो दाखला फक्त किडी-रोगांपुरता असतो. अवशेषांवरून अडलेल्या मालासाठी तो पुढे करण्यात वेळ दवडू नये.)

०.०५ हा आकडा कोणाचा?

युरोपीय संघाचा नियम ३९६/२००५ अवशेष मर्यादा ठरवतो. त्याची एकसमान मर्यादा सर्व सदस्य देशांत १ सप्टेंबर २००८ पासून लागू झाली, म्हणजे तिला जेमतेम दोन द्राक्ष हंगाम झाले होते. ज्या पिकावर एखादे औषध तिकडे वापरातच नाही, त्या पिकासाठी मर्यादा साधारणपणे प्रयोगशाळा खात्रीने मोजू शकेल त्या सर्वांत खालच्या पातळीवर ठेवतात. कोणत्याही औषधाचे नाव यादीत नसेल तर आपोआप ०.०१ लागतो. अशा मर्यादेच्या वर गेलेले द्राक्ष खाल्ल्याने माणूस आजारी पडेलच असे नाही. मर्यादा चांगल्या शेती पद्धतीची असते, विषारीपणाची रेषा वेगळी काढतात. हा भेद त्या काळातल्या चर्चेत फार पुसट झाला आणि आपल्या बाजूनेही तो ठामपणे मांडायला हवा होता.

अवशेषांचे आकडे ठरवणारी दुसरी संस्था म्हणजे कोडेक्स, अन्नमानकांची आंतरराष्ट्रीय संस्था. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९६३ मध्ये ती उभी केली. तिची मानके स्वतःहून कोणावर बंधनकारक नव्हती. त्यांना दात आले ते १ जानेवारी १९९५ ला, जागतिक व्यापार संघटनेबरोबर एसपीएस करार, म्हणजे अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पती आरोग्याच्या उपायांवरचा करार, अमलात आला तेव्हा. कलम ३ सांगते की देशांनी आपले उपाय आंतरराष्ट्रीय मानकांवर आधारावेत आणि त्याहून कडक जायचे तर शास्त्रीय समर्थन द्यावे. तज्ज्ञांच्या समितीने सुचवलेला एक आकडा अशा रीतीने व्यापारी खटल्यातला पुरावा होतो. गेल्या शतकात आंतरराष्ट्रीय कायदा बदलला तो मोठ्या अंशी असाच, एका करारातली ऐच्छिक गोष्ट दुसऱ्या कराराच्या आधाराने जवळजवळ सक्तीची होत गेली.

पात्रेही बदलली. शंभर वर्षांपूर्वी या रंगमंचावर फक्त राज्ये होती. १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लामत दिले की संयुक्त राष्ट्रांना स्वतःचे कायदेशीर व्यक्तित्व आहे आणि ते स्वतःच्या नावाने भरपाई मागू शकतात. तिथून संस्थांसाठी दार उघडले. आज युरोपीय संघ आपल्या सदस्य देशांबरोबर स्वतःही जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य आहे. म्हणून नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात अडलेल्या मालाबद्दल तक्रार करायची तर ती युरोपीय संघाविरुद्ध.

जिनिव्हाला गेलो असतो तर

हा प्रश्न नाशिकमध्ये आजही विचारला जातो: सरकारने खटला का भरला नाही? त्याचे उत्तर भावनेपेक्षा प्रक्रियेत शोधावे.

जिनिव्हाला, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, खटला फक्त सदस्यच भरू शकतो. बागायतदार संघ, निर्यातदार, कंपनी यांपैकी कोणीही नाही. ही जुनीच चौकट आहे. १९२४ च्या माव्रोमाटिस खटल्यात स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले होते की राज्य आपल्या नागरिकाचे गाऱ्हाणे हाती घेते तेव्हा ते खरे तर स्वतःचाच हक्क बजावत असते. १९७० च्या बार्सिलोना ट्रॅक्शन निकालात त्याची दुसरी बाजू आली: गाऱ्हाणे हाती घ्यायचे की सोडायचे, हा निर्णय पूर्णपणे राज्याचा. नाशिकचा बागायतदार दिल्लीच्या वाणिज्य मंत्रालयाला विनंती करू शकतो, भाग पाडू शकत नाही.

समजा भारताने मनावर घेतले असते. मुद्दे होते. एसपीएस कराराच्या कलम ५.१ प्रमाणे मर्यादेमागे जोखीम मूल्यमापन लागते. कलम २.३ आणि ५.५ मनमानी भेदभावाला मनाई करतात. इथे भारताच्या हाती एक चांगले उदाहरण होते. युरोपातल्या नाशपातीच्या बागांतही हेच औषध वापरले जायचे आणि वापर थांबवल्यावरही लाकडातला साठा फळात येत राहिला. म्हणून युरोपीय संघाने नाशपातीसाठी काही वर्षे तात्पुरती वाढीव मर्यादा ठेवली आणि ती टप्प्याटप्प्याने खाली आणली. तोच साठा, तीच जैविक प्रक्रिया, मग द्राक्षाला सवलतीचा काळ का नाही? आमच्या मते या प्रकरणातला हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे.

पण जिंकण्याची खात्री कोणी देऊ नये. संप्रेरके दिलेल्या जनावरांच्या मांसावर युरोपने घातलेल्या बंदीच्या १९९८ च्या खटल्यात व्यापार संघटनेच्या अपीलीय मंडळाने सांगितले की मानकावर ‘आधारित’ असणे म्हणजे मानकाशी तंतोतंत जुळणे नव्हे आणि प्रथमदर्शनी पुराव्याचा भार तक्रारदारावर. शिवाय त्या खटल्यात अमेरिका आणि कॅनडा जिंकूनही युरोपने बंदी उठवली नाही, प्रकरण प्रत्युत्तरादाखल लावलेल्या आयातशुल्कापर्यंत गेले आणि अमेरिकेशी समझोता व्हायला २००९ उजाडले. भारत स्वतः या कलमांखाली हरलेला आहे. बर्ड फ्लूच्या कारणावरून घातलेल्या आयातबंदीविरुद्ध अमेरिकेने दावा केला आणि २०१५ मध्ये अपीलीय मंडळाने भारताविरुद्ध निकाल दिला. जोखीम मूल्यमापन नव्हते, हेच मुख्य कारण. आपण दुसऱ्याकडे जो कागद मागतो तो आपल्याकडेही तयार असावा लागतो.

सर्वांत मोठी अडचण भरपाईची. सल्लामसलतीलाच ६० दिवस, मग पॅनेल, मग अपील. द्राक्षाचा निर्यात हंगाम जेमतेम चार महिन्यांचा. आणि निकाल लागला तरी तो पुढच्यासाठी: नियम बदला, एवढेच. झालेले नुकसान भरून द्या असा आदेश तिथे व्यवहारात मिळत नाही. १९२८ च्या खोर्झोव कारखाना निकालातले तत्त्व, की चुकीच्या कृत्याचे सगळे परिणाम पुसून टाकणारी भरपाई द्यावी, सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्यात आजही मानाचे आहे. व्यापार संघटनेने मात्र स्वतःची वेगळी उपाययोजना बांधली आणि त्यात ते तत्त्व बाहेर राहिले. २०१० चा एक रुपयाही जिनिव्हाहून आला नसता. डिसेंबर २०१९ पासून तर अपीलीय मंडळावर सुनावणीपुरते सदस्यच नाहीत, त्यामुळे हरलेला पक्ष अपील करून निकाल अधांतरी ठेवू शकतो.

जिनिव्हाचा खरा उपयोग आधीच्या टप्प्यावर आहे. कोणताही सदस्य मर्यादा बदलणार असेल तर त्याला मसुदा अधिसूचित करावा लागतो आणि साधारण ६० दिवस हरकतींसाठी ठेवावे लागतात. अन्नाबाबत भारताचे चौकशी केंद्र एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे आहे. बागायतदार संघाने त्या मुदतीत आपल्या भागातला वापर, फवारणीची वेळ आणि अवशेषांचे आकडे पाठवले तर ते सरकारच्या उत्तरात जाऊ शकतात. नुसते ‘शेतकऱ्यांचे नुकसान होईल’ असे निवेदन तिथे निरुपयोगी. विदा, म्हणजे मोजलेली आकडेवारी, लागते.

पैसा अडतो तो करारात

राज्यांचा कायदा बाजूला ठेवला की उरतो निर्यातदार आणि आयातदार यांच्यातला करार. द्राक्षे बहुधा कन्साइनमेंटवर (माल विकल्यावर पैसे) किंवा किमान हमी भावाने जातात. माल पोचल्यावर आयातदार क्वालिटी रिपोर्ट पाठवतो आणि त्यावर भाव ठरतो. ‘खरेदीदाराचा अहवाल अंतिम राहील’ हे एक वाक्य करारात असले की पुढचे बरेचसे हक्क तिथेच संपतात.

अडलेल्या कंटेनरवर पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी करता येतात. एक, दुसरे तज्ज्ञ मत. २०१० मध्ये युरोपीय संघाच्या नियम ८८२/२००४ च्या कलम ११ खाली आणि आता २०१७/६२५ च्या कलम ३५ खाली हा हक्क आहे. पण तो तिथल्या व्यावसायिकाचा, म्हणजे आयातदाराचा, आणि खर्चही त्याचाच. करारात त्याच्यावर हे बंधन आधी घातले नसेल तर तो ही तसदी घेईलच असे नाही. दोन, आकडा नीट वाचणे. युरोपातल्या सरकारी कारवाईत प्रयोगशाळेच्या आकड्यातून ५० टक्के मोजमाप-अनिश्चितता वजा करण्याची पद्धत आहे. निकाल ०.०८ आला तर वजा करून ०.०४ उरतो, तो ०.०५ च्या खाली, म्हणून मर्यादा ओलांडली असे म्हणत नाहीत. निकाल ०.१२ आला तर ०.०६ उरतो आणि माल नापास. निर्यातीआधीच्या स्वतःच्या चाचणीत मात्र ही सूट धरून माल पाठवू नये. तिकडच्या नमुन्यात आकडा किती फिरेल ते आपल्या हाती नसते आणि सुपरमार्केट ही वजाबाकी मानत नाही.

कोणता कायदा लागू? आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा १९८० चा व्हिएन्ना करार भारताने स्वीकारलेला नाही, म्हणून अनेक निर्यातदार तो आपल्याला लागू नाही असे धरून चालतात. हा धोक्याचा समज आहे. नेदरलँड्स त्या कराराचा पक्ष आहे आणि प्रकरणाला डच कायदा लागू ठरला तर त्या कायद्याचा भाग म्हणून व्हिएन्ना करारही येतो.

तसे झाले तर ‘माल करारानुसार होता का’ हा प्रश्न कलम ३५ वर येतो. इथे एक जर्मन निकाल पाठ असावा असा आहे. ८ मार्च १९९५ ला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने न्यूझीलंडच्या शिंपल्यांच्या वादात ठरवले की खरेदीदाराच्या देशातले सरकारी अन्ननियम विक्रेत्याला माहीत असलेच पाहिजेत असे नाही. अपवाद असे: तोच नियम विक्रेत्याच्याही देशात असेल, किंवा खरेदीदाराने तो कळवला असेल, किंवा काही विशेष परिस्थिती असेल, जसे की जुने व्यापारी संबंध. शिंपल्यात कॅडमियम तिकडच्या पातळीहून जास्त होते, तरी विक्रेता जिंकला.

नाशिकच्या निर्यातदाराला याचा फायदा झाला असता का? फारसा नाही, असे आमचे मत. वर्षानुवर्षे त्याच बाजाराला माल देणारा, युरोपच्या मर्यादांनुसार चाचणी करूनच माल बाहेर काढणारा निर्यातदार ‘मला नियम माहीत नव्हता’ म्हणू शकत नाही. विशेष परिस्थितीचा अपवाद त्याच्यावर सहज बसतो. बचाव एकच उरतो: करारात तपासायच्या औषधांची यादी जोडलेली असणे, ती दोघांनी मान्य केलेली असणे, आणि यादीबाहेरच्या औषधाची जोखीम वाटून घेतलेली असणे.

वाद सोडवायचा कुठे? नाशिकच्या दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन रॉटरडॅमला वसुली करणे फार जिकिरीचे. उलट बाजूनेही तसेच: दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खालच्या देशांत नेदरलँड्स नाही, म्हणून डच निकाल इथे थेट बजावता येत नाही, त्यावर नवा दावा लावावा लागतो. लवादाचा निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क संकेताखाली दोन्हीकडे चालतो. भारताने तो १९६० मध्ये स्वीकारला. लवादाचे ठिकाण मुंबई ठेवले तरी निवाडा नेदरलँड्समध्ये बजावता येतो. एका कंटेनरच्या रकमेसाठी तीन लवाद नेमले तर खर्चच वसुलीला खाईल. म्हणून एकच लवाद, फक्त कागदपत्रांवर निर्णय आणि ठरावीक मुदत, एवढे कलमात लिहावे.

कंटेनर भरतानाही एक पथ्य आहे. कित्येकदा एका कंटेनरमध्ये चार-पाच प्लॉटचा माल असतो. पॅलेटवर प्लॉटचा कोड ग्रेपनेटमुळे असतोच. करारात ‘नामंजुरी प्लॉटवार, संपूर्ण कंटेनरवर नाही’ असे असेल आणि पॅकिंग लिस्टमध्ये पॅलेट वेगळे दाखवले असतील तर एका बागेच्या अवशेषाने बाकीच्यांचे पैसे बुडत नाहीत.

बागायतदार आणि निर्यातदार यांच्यात मात्र भारतीय कायदाच चालतो. १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १६(१) बागायतदाराच्या विरुद्धही जाऊ शकते: माल युरोपसाठी आहे हे त्याला सांगितले असेल आणि खरेदीदार त्याच्या कौशल्यावर विसंबला असेल, तर माल त्या कामाला योग्य असल्याची गर्भित हमी धरली जाते. म्हणून निर्यातदार कोऱ्या घोषणापत्रावर सही मागतो तेव्हा त्यात वर्षभराच्या फवारणीची नोंद, खरड छाटणीपासूनची, जोडूनच सही करावी.

नियमात बागायतदाराचे नाव

सगळ्या कागदांत उत्पादकाला स्वतःच्या नावाने उभे राहण्याची मुभा एकाच ठिकाणी दिसते, आणि गंमत म्हणजे ती युरोपच्याच नियमात आहे. ३९६/२००५ च्या कलम ६ मध्ये मर्यादा ठरवण्यासाठी अर्ज कोण करू शकतो ते सांगताना औषध उत्पादक, आयातदार यांच्याबरोबर पीक घेणाऱ्यांचाही उल्लेख आहे. तिसऱ्या देशातल्या वापरासाठी मागायच्या मर्यादेला आयात-सहनमर्यादा म्हणतात. अर्ज एका सदस्य देशाकडे जातो, तो मूल्यमापन अहवाल करतो, मग युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण साधारण तीन महिन्यांत मत देते आणि आयोग निर्णय घेतो. द्राक्षासारख्या मोठ्या पिकाला साधारण आठ क्षेत्रीय चाचण्यांचे अवशेष आकडे लागतात, वापर नोंदणीकृत असल्याचा पुरावा लागतो आणि विषशास्त्राचा संच लागतो. शेवटचा बहुधा औषध कंपनीकडेच असतो, तो मिळवणे हेच सर्वांत अवघड काम. एकट्या बागायतदाराच्या आवाक्यातले हे नाही. संघ, संशोधन केंद्र आणि कंपनी एकत्र आले तर आहे. खटल्याच्या तुलनेत हा रस्ता स्वस्त आणि त्याचे फळ टिकाऊ.

सीसीसीच्या बाबतीत देशाने दुसरा मार्ग घेतला. औषध तपासणीच्या यादीत आले, स्वतंत्र चाचणी लागू झाली आणि निर्यातीच्या बागेत ते वापरू नये असे सांगितले गेले. जुन्या बागांत साठा असल्याने वापर थांबवलेल्या पहिल्या हंगामातही आकडा शून्य येईल असे नव्हते. तो किती आहे ते काढणीआधी चाचणीनेच कळते.

एक पात्र या सगळ्या चौकटींच्या बाहेर उभे आहे: सुपरमार्केट. सरकारी मर्यादेच्या एकतृतीयांश अवशेष आणि एकूण औषधांची संख्या अमुकच, अशा अटी काही साखळ्या घालतात. नाशिकच्या पॅकहाउसमध्ये रोज पाळले जातात ते हेच आकडे. २००५ मध्ये सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्सने केळ्यांच्या निमित्ताने हा प्रश्न एसपीएस समितीत मांडला. कराराचे कलम १३ सांगते की बिगर-सरकारी संस्थांनी करार पाळावा म्हणून सदस्यांनी शक्य ते वाजवी उपाय करावेत. दुकानाची साखळी त्या व्याख्येत बसते का, यावर सदस्यांचे एकमत झालेले नाही. ‘खासगी मानक’ म्हणजे काय, याची व्याख्या करायला नेमलेले कामही मतभेदांवर येऊन थांबले.